खापरपणजोबांच्या नावाने विकत घेतलेला खोटा कागद

वडिलांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांनी आम्हा भावंडांकडे एकच गोष्ट मागितली. त्यांच्या पणजोबांविषयी, म्हणजे माझ्या खापरपणजोबांविषयी, आमच्या घरात जे सांगितले जाते त्याला कुठे कागदाचा आधार सापडतो का, हे त्यांना आपल्या हयातीत जाणून घ्यायचे होते. त्यांच्या या इच्छेपायी आमचे अडतीस हजार पाचशे रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे सुमारे चार महिने एक बनावट कागद आमच्या देवघराशेजारी लागून होता आणि वडील रोज त्याला हात जोडत होते. अशाच शोधात असलेल्या कुटुंबांवर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सर्व लिहीत आहे.

आमचे मूळ गाव जुन्या भीमथडी तालुक्यात, सुप्यापासून जवळ आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्यात कर्जबाजारी कुणबी सावकारांच्या घरांवर चालून गेले, त्यांनी कर्जाची खते बाहेर काढून जाळली आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पोहोचले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, सरकारने फेरआकारणीत सारा वाढवला होता आणि सावकारांनी उधारी आखडती घेतली होती. या दंग्यांत ९५१ जणांना पकडण्यात आले आणि ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला. आमचे खापरपणजोबा त्या दिवशी सुप्यात होते आणि त्यांनी आपले खत स्वतःच्या हाताने जाळले, असे माझी आत्या तिच्या आजीकडून ऐकलेले सांगत असे. यापलीकडे आमच्याजवळ काहीही नव्हते.

२०२३ पासून कुणबी दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध गावोगाव सुरू झाला आणि जुन्या कागदांतली मोडी लिपी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली. मोडी जाणणारे प्रामाणिक लोक आपल्याकडे आहेत, त्यांतील कित्येक जण अत्यल्प मोबदल्यात काम करतात, पण याच गर्दीत नुसते संशोधक म्हणवणारेही शिरले. त्यांतल्याच एका गृहस्थाची जाहिरात माझ्या भावाला व्हॉट्सॲपवर आली. मी फोन केला तेव्हा त्याने पैशांचा विषयही काढला नाही. वडिलांना ‘काका’ म्हणून त्याने जवळजवळ पाऊण तास त्यांच्याशी बोलून घेतले. गाव कोणते, भाऊबंद किती, शेतांना काय नावे आहेत, कुलदैवत कोणते, घरात जुनी हकीकत काय सांगतात, हे सारे त्याने मोठ्या आदराने विचारले आणि वडिलांनी मन मोकळे करून सांगितले. इतक्या वर्षांत त्यांना असे कोणी विचारलेच नव्हते. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटते की आमची फसवणूक त्या पाऊण तासातच पूर्ण झाली होती, कारण पुढे त्याने आम्हांला जे विकले ते आमचेच बोलणे होते.

सुरुवातीला साडेचार हजार रुपये शोधशुल्क म्हणून घेतले. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, “ताई, दंग्याच्या खटल्यातला कागद सापडलाय. काकांच्या पणजोबांचं नाव आहे त्यात. असा कागद पुन्हा मिळायचा नाही.” त्या कागदाच्या प्रतीसाठी अठरा हजार रुपये दिले, आणि त्यानंतर वंशावळ व ‘सन १८७१ चा सातबारा’ यांसाठी सोळा हजार. सारे व्यवहार मोबाइलवरून झाले, पावती एकदाही मिळाली नाही. मूळ कागद पाहायला आम्ही येतो म्हटले की तिथे बाहेरच्यांना परवानगी नसते, असे तो सांगे. पुणे पुराभिलेखागारात अभ्यासकांना रीतसर अर्ज करून कागद पाहता येतात, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. एक फोन केला असता तर ते कळले असते.

कागद आला तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. पिवळसर कागदावर मोडीच्या अकरा ओळी, खाली गोल शिक्का, सोबत बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर. त्यात खापरपणजोबांचे नाव, सुप्याचा दंगा, जाळलेले खत आणि त्यांच्या दोन शेतांची नावे होती. त्यांतले एक ‘वडाचे शेत’.

याच शेतामुळे सगळे उघड झाले. माझ्या चुलतभावाने वाटणीच्या कामासाठी तलाठ्याकडून जुने फेरफार काढले होते, त्यांत वडाचे शेत आजोबांनी १९५४ साली खरेदी केल्याची नोंद होती. १९५४ साली घरात आलेली जमीन १८७५ सालच्या कागदात आमच्या नावावर कशी असेल? मला आठवले की फोनवर शेतांची नावे सांगताना वडिलांनी पिंपळाच्या शेताबरोबर वडाचे शेतही सांगितले होते. लहानपणापासून पाहिलेली दोन्ही शेते त्यांच्या लेखी वाडवडिलांचीच होती. त्यांची ती चूक जशीच्या तशी सरकारी म्हणवणाऱ्या कागदात उतरली होती.

मग मी तो कागद मोडीचे वर्ग घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेला. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि एका ओळीतले तीन ‘क’ मला दाखवले. तिन्ही तंतोतंत सारखे होते, टोकाची जाडीसुद्धा. हाताने लिहिणाऱ्याची दोन अक्षरे अशी एकसारखी येत नाहीत, हा संगणकाचा टंक आहे, असे ते म्हणाले. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे लिहीत जातो. आमच्या कागदात मात्र शब्दाशब्दाला रेघ तुटलेली होती आणि दोन ठिकाणी स्वल्पविरामही होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, इथे तो शाळेच्या पुस्तकासारखा पाळला होता. सालातही घोळ होता. शके १७९७ बरोबर होते, पण फसली, म्हणजे महसुली साल, १२८२ लिहिले होते. आपल्याकडचे फसली साल मृगापासून बदलते आणि त्यात ५९० मिळवले की ते साल इसवी सनाच्या ज्या वर्षी सुरू झाले ते मिळते, म्हणून मे १८७५ मध्ये फसली १२८४ हवे होते. १२८२ हे उत्तर हिंदुस्थानातल्या गणतीने येते. कागद बनवणाऱ्याने ते कुठून तरी उचलले होते.

सातबाऱ्याची तर गोष्टच नको. त्यावर गट नंबर होता. गट पडले ते १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर, त्याआधी असत ते सर्व्हे नंबर. आणि हक्कनोंदणीची पद्धतच मुळी विसाव्या शतकातली, त्यामुळे १८७१ चा सातबारा कोणी देऊ करत असेल तर त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलू नये. त्या काळातल्या शेतकऱ्याचा माग काढायचा तर भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या मोजणीची टिपणे आणि शेतवार पत्रके पाहावीत, तहसीलच्या अभिलेख कक्षातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, चाळाव्यात आणि गावाकडे असतील तर कोतवालाच्या नोंदवह्या, म्हणजे कोतवाल बुके, पाहावीत. कोणी मोडी कागद दिला तर तो कोणत्या दफ्तरातला, कोणत्या रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला, कितवा, हे लेखी मागावे. आम्ही हे विचारले तेव्हा त्या गृहस्थाने फोन घेणे बंद केले. घरातली हकीकत मात्र शोध घेणाऱ्याला आपणहून सांगू नये. आधी त्याला शोधू द्यावे आणि सापडलेले आपल्या माहितीशी ताडून पाहावे. आम्ही नेमके उलट केले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या फोन क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत. कागद आणि वंशावळ पुरावा म्हणून जमा केली.

वडिलांना हे सांगणे सर्वांत अवघड होते. दोन दिवस ते बोलले नाहीत. नंतर आत्याने आठवण करून दिली की वडिलांचे आजोबा एकदा नाशिकला जाऊन आले होते. नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे वह्या असतात, यात्रेकरू येतो तेव्हा घरातल्या माणसांची नावे त्यांत लिहून घेतात. आमच्या गावाची वही ज्यांच्याकडे आहे त्या उपाध्यांचा पत्ता विचारत विचारत आम्ही वडिलांना घेऊन गेलो. लांबट वही, काळी शाई, शके १८३३. वडिलांचे आजोबा आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. चार ओळींत खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या पत्नीचे, दोन मुलांचे आणि नुकत्याच जन्मलेल्या नातवाचे. सुप्याचा उल्लेख कुठेही नाही. सहीच्या जागी बोटभर लांबीचा एक नांगर काढलेला आहे, इसाड आणि रुमणे स्पष्ट दिसतील असा.

वडिलांनी चष्मा काढला, वहीवर वाकून बराच वेळ तो नांगर पाहिला आणि उपाध्यांना विचारले, “हा त्यांचा का हो?”

“नाही, तुमच्या आजोबांनी काढलाय,” उपाध्ये म्हणाले. “वडिलांच्या नावानं पिंड दिले आणि मग ही निशाणी केली.”