ट्रोव्हवरच्या विवाह आणि निधनाच्या सूचना: दहा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षे मुद्रितशोधन करून मी निवृत्त झाले, लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो या गावी आले आणि नातू सांभाळण्याच्या निमित्ताने इथेच राहिले. दुपारी नातू झोपला की दोन तास मोकळे मिळतात. ते कशात घालवावेत हे शोधताना ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ हाती लागले, आणि गेले दहा महिने मी त्यावर एकोणिसाव्या शतकातल्या ग्रामीण वृत्तपत्रांमधील विवाहाच्या व मृत्यूच्या सूचना वाचते आहे आणि वाचता वाचता त्यांचे प्रूफही तपासते आहे. त्याआधी मी वंशावळींच्या एका सशुल्क संकेतस्थळाची वर्गणी भरून पाहिली होती. ती मला न विचारता पुढच्या वर्षासाठी आपोआप कापली गेली, एवढेच तिच्याविषयी सांगण्यासारखे आहे. ट्रोव्हला पैसे पडत नाहीत.

सन १८०३ मध्ये सुरू झालेल्या ‘सिडनी गॅझेट’पासून साधारणपणे १९५४ पर्यंतची वृत्तपत्रे येथे आहेत. जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्मवरून पानांची चित्रे घेतलेली आहेत, आणि यंत्राने त्या चित्रांवरून ओळखलेला मजकूर शेजारी ठेवलेला आहे. मजकुराच्या वर्गवारीत ‘कौटुंबिक सूचना’ असा स्वतंत्र विभाग असल्यामुळे बाजारभाव आणि जाहिराती वगळून थेट जन्म, विवाह, मृत्यूच्या रकान्यांपर्यंत जाता येते. मी मुख्यतः कॅसलमेनचे ‘माउंट अलेक्झांडर मेल’ आणि बीचवर्थचे ‘ओव्हन्स अँड मरे अॅडव्हर्टायझर’ ही दोन पत्रे वाचते. दोन्ही सोन्याच्या खाणींच्या मुलखातली आहेत आणि १८५० च्या दशकात, सोने सापडल्यावर लोटलेल्या गर्दीच्या पाठोपाठ निघालेली आहेत.

या सूचनांची भाषा आपल्या लग्नपत्रिकेइतकीच साच्यातली आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ वाचले की पुढचा मजकूर जसा न वाचताही कळतो, तसेच येथेही आठवड्याभरात होते: लग्न कोठे लागले, कोणत्या पाद्र्याने लावले, वर कोण, आणि वधू कोणाची ‘तिसरी कन्या’. वधूच्या आईचे नाव बहुधा नसतेच. जन्माच्या सूचनेत तर ‘अमुक यांच्या पत्नीस पुत्र’ एवढेच असते. नऊ महिने पोटात वाढवणारी बाई नवऱ्याच्या नावाआड राहते आणि बाळालाही नाव नसते. विधवेसाठी ‘रिलिक्ट’ असा एक शब्द येतो, ज्याचा मूळ अर्थ ‘मागे उरलेली’ असा आहे. मृत्यूच्या सूचनेखाली अनेकदा ‘होम पेपर्स प्लीज कॉपी’ अशी ओळ असते, म्हणजे मायदेशातल्या, इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या, वृत्तपत्रांनी हे पुन्हा छापावे अशी विनंती. समुद्रापलीकडच्या गावात कोणी तरी ते पत्र चाळत असेल आणि त्याला ही बातमी कळेल, एवढ्या आशेवर ती ओळ घातलेली असे. रोज संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लावणाऱ्या घरात बसून ती ओळ वाचताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

नव्या वाचकाने सर्वांत आधी सांभाळायची गोष्ट म्हणजे तारीख. सूचनेत महिन्याचे नाव नसेल तर ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना आणि ‘अल्ट.’ म्हणजे मागला महिना, आणि हा चालू महिना अंकाच्या तारखेवरून धरायचा असतो. बारीक टाइप आणि पुसट फिल्म यांमुळे यंत्र नेमके हेच इवलेसे शब्द चुकीचे वाचते. एक शब्द चुकला की लग्न महिनाभर पुढेमागे सरकते. त्यामुळे यंत्राच्या मजकुरावर विसंबून काहीही टिपून घेऊ नये, चित्र मोठे करून पाहावे. गावांच्या नावांचेही तसेच. मी राहते ते बेंडिगो १८९१ पर्यंत सरकारदरबारी ‘सँडहर्स्ट’ होते, त्यामुळे केवळ आजच्या नावाने शोधल्यास बरेच काही निसटते. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये काही शब्द आले तरी चालतील अशी मुभा शोधात देता येते. ती मी नेहमी वापरते, कारण सूचनांमध्ये दोघांची नावे एकमेकांत मिसळलेली असतात.

दुरुस्तीची सोय हे माझ्या लेखी या संकेतस्थळाचे सर्वांत मोठे आकर्षण. वाचकांनी ओळ न् ओळ तपासून मजकूर सुधारण्याची ही व्यवस्था २००८ पासून चालू आहे. नियम साधा आहे: जसे छापले आहे तसेच लिहायचे. हा नियम अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले, कारण लेखकाची चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय पान पुढे जाऊ द्यायचे नाही, यावरच माझा संसार चालला होता. येथे मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या कंपोझिटरची चूक जपायची आणि वाटल्यास शेजारी टीप लिहायची. पहिल्या महिन्यात मी मोठ्या उत्साहाने काही शुद्धलेखन ‘सुधारले’ आणि नंतर ते एकेक करून परत बिघडवले.

आता या रकान्यांत काय मिळत नाही, तेही सांगितले पाहिजे. या सूचना पैसे देऊन छापल्या जात. ज्याला ते परवडत नसे, किंवा ज्याच्यामागे ते देणारे कोणी नसे, तो या रकान्यात येत नाही. त्याचा मृत्यू शोधायचा तर त्याच अंकाची पुढची पाने उलटावी लागतात, कारण तेथे मृत्युचौकशीच्या बातम्या असतात: खाणीत दरड कोसळून, घोड्यावरून पडून, ओढा ओलांडताना बुडून, चुलीपाशी कपडे पेटून. चिनी मजूर तेथेही पुष्कळदा केवळ ‘एक चिनी’ म्हणून येतो. याच चिन्यांवर व्हिक्टोरिया वसाहतीने (बेंडिगो याच वसाहतीत) १८५५ मध्ये माणशी दहा पौंडांचा प्रवेशकर बसवला होता. कर घेताना मोजलेला माणूस मरताना निनावी राहतो. कॅसलमेन-बेंडिगोकडची ही जमीन मुळात ज्यांची, ते जा जा वुरुंग हे आदिवासी लोक तर कौटुंबिक सूचनांत मला अद्याप एकदाही भेटलेले नाहीत.

म्हणून वृत्तपत्रावर थांबू नये. व्हिक्टोरियात जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ पासून सुरू झाली, आणि तिचे मृत्यूचे दाखले फार तपशिलाचे आहेत: आईवडिलांची नावे, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षे काढली, मुले कोणती. मृत्युचौकशीच्या धारिका व्हिक्टोरियाच्या सार्वजनिक अभिलेखागारात १८४० पासूनच्या आहेत. सरकारी नोंदणीच्या आधीच्या, किंवा तिच्यातून सुटलेल्या माणसांसाठी चर्चच्या वह्या आणि ही वृत्तपत्रे एवढाच आधार उरतो.

एक इशारा मनापासून देते. घटसर्पाच्या साथीच्या दिवसांतले अंक सलग वाचू नयेत. एकाच घरातली दोन, कधी तीन मुले आठ-दहा दिवसांच्या अंतराने गेलेली दिसतात, आणि वय महिन्यांसह दिलेले असते. अशा एका दुपारी मी लॅपटॉप मिटून आतल्या खोलीत नातवाजवळ जाऊन बसले होते.

२०२३ मध्ये निधीअभावी ट्रोव्हवर गदा येते की काय, अशी वेळ आली होती. त्या एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद जाहीर केली. घराण्याचा शोध घेणाऱ्यांना मी हे संकेतस्थळ सुचवीनच, परंतु मराठी मुद्रितशोधकांना ते अधिक सुचवीन, कारण हाताने अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळातल्या सगळ्या ओळखीच्या चुका येथे भेटतात. मागच्या आठवड्यात एका वराच्या आडनावात ‘एन’चा खिळा उलटा बसून ‘यू’ झालेला सापडला. लग्नाच्या सूचनेतली ही चूक त्या घरात किती दिवस बोलली गेली असेल, कोण जाणे. मी ‘यू’ तसाच ठेवला आणि टिपेत खरे आडनाव लिहिले.