रॅले स्पोर्ट्स: दुरुस्त करून विकायला घ्यावी का?

रॅले स्पोर्ट्स ही जुनी तीन गिअरची सायकल मी दुरुस्त करून पुढे विकते, आणि हे परीक्षण त्याच नजरेतून लिहिलं आहे. सायकल स्वतःसाठी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. आवडीच्या वस्तूवर माणूस कितीही वेळ घालवतो, घालवावाही. विकायची म्हटली की प्रत्येक तास हिशोबात धरावा लागतो.

निकाल आधीच सांगते. जे फिरायचं ते फिरत असेल आणि जे सरकायचं ते सरकत असेल, तर सायकल कितीही गंजकट दिसो, बिनधास्त घ्या. रंग शाबूत आहे, क्रोम चमकतंय, पण सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जागचा हलत नाही, अशी सायकल मी सोडून देते. बघणारे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. त्यांना गंज दिसतो आणि जाम झालेला भाग दिसत नाही. वरवरचा गंज एका दुपारी निघतो. जाम भाग मात्र दोन-दोन दिवस खातो आणि शेवटी फ्रेमही हातची जाऊ शकते.

म्हणून सायकल बघायला जाताना मी पान्हा बरोबर नेते आणि विकणाऱ्याला विचारून सीटचा नट सैल करते. स्पोर्ट्सचा सीटपोस्ट साधा स्टीलचा, २५.४ मिलिमीटरचा असतो. स्टीलमध्ये स्टील अडकलं असेल तर झिरपणारं तेल आणि चार दिवसांचा धीर, एवढ्यावर बहुतेकदा सुटतं. कुणी मध्येच अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट घातला असेल तर प्रकरण अवघड. दोन धातू आणि ओल एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियमवर क्षार धरतात, पोस्ट आतून फुगतो आणि नळीत घट्ट बसतो. मग करवतीने आतून कापून काढण्यापर्यंत पाळी येते. हँडलच्या स्टेमचंही तेच. वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकं ठोकायचं. आतली खुंटी सुटली आणि हँडल चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) न हलवता वळलं, तर काम झालं.

यानंतर फ्रेम. हेडच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवते. समोरून धडक बसली असेल तर तिथे पत्र्याला सुरकुती पडते किंवा रंगाला आडवी भेग असते. डोळ्याला चुकली तरी बोटाला लागते. बाजूने पाहिलं की चिमट्याचा वरचा सरळ भाग हेडच्या नळीच्या रेषेत दिसायला हवा. मागे झुकलेला दिसला तर सायकल कुठेतरी आदळली आहे. शंका आली की दोरा काढते: मागच्या चाकाच्या एका खाचेपासून हेडला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक मी सोडून देते. त्याहून जास्त असेल तर सायकल सोडते, कारण सरळ न धावणारी सायकल गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायला मन होत नाही. घातक गंज असतो तो बीबीच्या (पॅडलचा एक्सल फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या) डब्यात, तिथून मागे जाणाऱ्या नळ्यांच्या सांध्यात आणि रिमच्या आत, टेपखाली. तिथे पेचकस दाबून बघावा. पत्रा दबला तर विषय संपला.

आता हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्याच्या आत या सायकलचे गिअर असतात. ही सायकल घ्यावीशी वाटते ती मुळात यासाठीच. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचं एडब्ल्यू हब असतं. ते १९३६ पासूनचं, आणि रचना इतकी सरळ की पन्नास-साठ वर्षं वापरलेलं हबही साफ करून तेल दिलं की परत चालू लागतं. दुसरा गिअर थेट, म्हणजे चेनचा मागचा दातेरी फिरेल तेवढंच चाक फिरतं. पहिल्यात त्याच्या पाऊणपट, तिसऱ्यात सव्वापटीहून थोडं जास्त, म्हणजे चार तृतीयांश. हबच्या अंगावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि बहुधा महिना ठोकलेला असतो. त्यावरून सायकलचं वय कळतं, पण चाक कधी बदललं गेलेलं असू शकतं, त्यामुळे त्या आकड्याला अंदाजच समजावं.

हब बघताना पुष्कळ जण फसतात आणि चांगली सायकल स्वस्तात सोडून जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे पॅडल अचानक मोकळं फिरलं की विकणारा म्हणतो, ‘गिअर गेलेत.’ बऱ्याचदा गेलेले नसतात, केबलचा ताण बिघडलेला असतो. हबच्या उजव्या बाजूच्या लांब नटाला एक भोक असतं. हँडलवरचा गिअरचा खटका दुसऱ्या गिअरवर ठेवायचा आणि त्या भोकातून आत बघायचं. गिअरच्या केबलची छोटी साखळी ज्या बारीक सळईला जोडलेली असते तिचा खांदा एक्सलच्या टोकाशी समपातळीत आला पाहिजे. आत गेला असेल किंवा बाहेर आला असेल तर केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून तो जागेवर आणायचा. दोन मिनिटांचं काम. एवढं करूनही जोर दिल्यावर गिअर निसटत असेल तरच आतल्या क्लच किंवा पॉलची (दातांत अडकणाऱ्या खिटीची) झीज धरावी. तेव्हाही घाबरण्यासारखं काही नाही. स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेली, त्या नावाचे सुटे भाग आजही बनतात.

जुन्या हबला तेल घालायचं छोटं झाकण असतं. तिथून हलकं मशीनचं तेल घालावं. गंज सोडवायचं पातळ स्प्रेचं तेल वंगण म्हणून घालू नये, ते उडून जातं आणि आत चिकट थर राहतो. पुढच्या चाकात डायनोहब (दिव्यासाठी वीज बनवणारं हब) असेल तर त्याला विशेष जपावं. त्यातलं चुंबक आर्मेचरपासून, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या भागापासून, उघडं वेगळं काढलं की त्याची ताकद कमी होते. दिवा लागतोय का एवढं बघावं आणि चालू असेल तर आत हात घालू नये.

चाकांपाशी मी सर्वात कडक असते. टायर २६ गुणिले १ ३/८ इंची, म्हणजे ५९० मिलिमीटरच्या रिमचे. नुसतं ‘२६ चं टायर’ म्हणून आणलं तर माउंटन सायकलचं ५५९ चं हाती येतं आणि बसत नाही. टायरवर ३७-५९० हा आकडा बघूनच घ्यावा, मिळतो. खरी अडचण आऱ्यांची. जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. आजच्या रिमा बहुतेक ३६ भोकांच्या. मागची रिम वाकलेली किंवा आतून कुजलेली असेल तर ४० भोकांची ५९० ची रिम शोधत बसावं लागतं आणि सगळं गणित तिथेच कोसळतं. चाक थोडंसं आउट असेल, म्हणजे फिरताना डगमगत असेल, तर हरकत नाही, पण आउट काढण्यापूर्वी दोन-चार निपल (आऱ्यांच्या टोकाचे नट) फिरवून बघावेत. निपल आऱ्यावर गंजून बसलेला असेल तर तो फिरायच्या ऐवजी आराच पिळला जातो. प्रत्येक निपलाला एकेक थेंब तेल देऊन रात्रभर ठेवल्यावरही तेच झालं, तर मी ते चाक बाद समजते.

बीबीबद्दल एकच पण महत्त्वाची गोष्ट. रॅलेच्या या फ्रेमांत इंचाला २६ आटे असतात, बाकी बहुतेक सायकलींत २४. कप (छर्रे ज्यात फिरतात ती वाटी) खराब निघाला तर बाजारातला नवा कप त्यात बसत नाही. म्हणून क्रँक (पॅडलचा दांडा) धरून आडवी हलवून बघते, मग चेन उतरवून फिरवते. खरखर असेल तर बहुतेकदा सुकलेलं ग्रीस असतं, ते धुऊन दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा छर्रे नवे घातले की क्रँक मऊ फिरू लागते. खडखडून अडकत असेल तर कपाला खड्डे पडलेले आहेत. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, तो शक्यतो काढू नये, जागेवरच पुसून घ्यावा. क्रँकला एक्सलवर पक्की धरणारी कॉटर पिन काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाहीतर हातोडीचा मार छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो. मी प्रेसने काढते आणि काढलेली पिन परत वापरत नाही.

चेनसाठी पट्टी पुरे. बारा जोडकड्या म्हणजे बरोबर बारा इंच. बारा इंचाहून एक सोळांश इंच लांब झाली की चेन बदलायची, एक अष्टमांश इंच झाली की मागचा दातेरीही बघायचा. तो दातेरी बदलायचाच असेल तर मी १८ दातांच्या जागी २२ चा टाकते. पुढे सहसा ४६ दात असतात, आणि मुळात ही सायकल चढाला जड जाते. या एका बदलाने तिन्ही गिअर साधारण अठरा टक्क्यांनी हलके होतात. गिऱ्हाईक एक फेरी मारून आलं की त्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. सगळ्या दुरुस्तीत मला सर्वात समाधान देणारं काम हेच.

मग हिशोब. टायर, ट्यूब, रिमटेप, ब्रेकचे रबर, केबल, कॉटर पिना आणि ग्रीस हे सगळं लागणारच असं धरून चालते, आणि त्यात खरेदीची रक्कम मिळवते. समोर ठेवते ती तशाच चालत्या सायकलची प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत, जाहिरातीत मागितलेली नव्हे. माझी बेरीज तिच्या निम्म्याच्या वर गेली की मी थांबते, कारण उरलेल्या निम्म्यात माझे तास बसवायचे असतात. सायकल नापास झाली तरी चांगलं हब, चामडं न फाटलेलं ब्रूक्सचं सीट, मूळ चेनकव्हर आणि दिवा यांना स्वतंत्र गिऱ्हाईक असतं. विकणारा त्या भावात देत असेल तर सुट्या भागांसाठी घ्यायला हरकत नाही.

रंग देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मूळ रंग, त्यावरच्या बारीक रेघा आणि हेडवरचा बिल्ला हे एकदा गेले की परत येत नाहीत, आणि ही सायकल शोधणारा माणूस त्यांनाच शोधत असतो. नवा रंग मारलेली फ्रेम बघितली की जाणकाराला पहिली शंका येते, खाली काय झाकलं आहे? साबणाचं पाणी, मग गाडीचं पॉलिश, बस. क्रोमवर चुरगळलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की तपकिरी थर निघतो. खोल खड्डे राहतात ते राहू द्यावेत. छोट्या सुट्या भागांसाठी ऑक्झॅलिक आम्ल चांगलं, पण ते विषारी आहे. हातमोजे घालून, उघड्या हवेत, मुलांपासून लांब. रेघा आणि अक्षरांना ते लावू नये.

विकताना दोन गोष्टी मी तोंडाने सांगतेच. क्रोमच्या स्टील रिमांवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, चांगले रबर टाकले तरी थोडा लांबच लागतो. रोज पावसात फिरणाऱ्याला मी ही सायकल घ्या म्हणत नाही. दुसरं, नव्या कॉटर पिना सुरुवातीच्या वापरात आणखी बसतात, त्यामुळे थोडी चालवल्यावर त्यांचे नट एकदा आवळून घ्यावे लागतात. त्यासाठी सायकल परत आणायला सांगते आणि ते काम मीच करून देते. फ्रेमवरचा नंबरही गिऱ्हाइकाच्या पावतीवर लिहून देते. मी घेताना विकणाऱ्याकडून तशीच पावती घेते, आणि नंबर खरवडलेला असेल तर सायकलला हातच लावत नाही.