भिंत एक, पक्षी एक: हिरोशिगेचा लावावा की कोसोनचा?

जपानी ठसाचित्रांतले पक्षी आवडायला लागले की माणूस बहुधा दोन नावांपाशी येऊन घुटमळतो. एक उतागावा हिरोशिगे (1797–1858), दुसरा ओहारा कोसोन (1877–1945). दोघांनीही ‘काचो-ए’ केली. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी, ‘ए’ म्हणजे चित्र. दोघांच्याही चित्रांमागे चेरीच्या लाकडाच्या फळ्या, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालणारा प्रकाशक वेगळा. घरात एकच चौकट लावायची असेल तर मात्र यातल्या एकाला निवडावं लागतं. ‘जास्त सुंदर कुठलं’ या प्रश्नाने ते सुटत नाही, कारण दोघंही मन वेधून घेतात. पक्ष्याकडून आपल्याला काय हवंय, हे आधी स्वतःला विचारावं लागतं.

दोघांनी एकाच विषयाला हात घातला, तिथून सुरुवात करू. हिरोशिगेचं ‘चंद्र आणि रानहंस’ हे चित्र 1830च्या दशकातलं. जपानने 1949 साली त्यावर टपाल तिकीट काढलं, त्यामुळे चित्रकाराचं नाव माहीत नसलेल्यांनीही ते पाहिलेलं असतं. मोठा चंद्र आणि त्याच्यापुढून खाली उतरणारे तीन रानहंस, एवढंच चित्र. कागद उभा आणि अरुंद, साधारण 38 सेंमी उंच आणि 13 सेंमी रुंद. या आकाराचं नाव ‘तान्झाकु’. कविता लिहायच्या कागदी पट्टीलाही जपानीत तान्झाकुच म्हणतात, म्हणजे हिरोशिगेने पक्षी बसवला तोच मुळी कवितेच्या कागदावर. चित्रात एक हायकू आहे. तिचा भाव असा: अशी रात्र पुन्हा कधी येईल का, चंद्रावरून रानहंस जाताहेत.

आता त्या हंसांकडे पक्षीनिरीक्षकाच्या नजरेने बघा. जात नक्की करायला लागणारे बारकावे फारसे हाती लागत नाहीत. मोजक्या रेषा, मोजके रंग, आणि तरीही ते खाली उतरताहेत हे अंगावर येतं. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला की आपण त्याला झाडात शोधत बसत नाही, आभाळाकडे बघतो. हिरोशिगेचे पक्षी असे आहेत. ते ऋतू घेऊन येतात, आणि आपली नजर त्यांच्यावरून पुढे, त्या रात्रीवर किंवा त्या पावसावर जाते.

चंद्रासमोरचे रानहंस कोसोननेही काढले, तेही एकदाच नव्हे. त्याच्याकडे नजर पक्ष्यावरच खिळते. मान ताणलेली, पाय पोटाशी घेतलेले, पंखातली पिसं एकावर एक बसलेली. चंद्र मागे आहे, पण तो पक्ष्याला उजेड द्यायला आहे. कविता नाही, कोपऱ्यात सही आणि शिक्का, बस्स. 1927च्या ‘बर्फातले बगळे’ या चित्रात तर पांढरा पक्षी, पांढरा बर्फ आणि मागे काळोखाकडे झुकणारा करडा रंग यांवर सगळा खेळ आहे. बगळ्याचं अंग बहुतेक कोऱ्या कागदाचंच आहे. आजूबाजूला रंग छापला आणि पक्षी मधे उरला. मला कोसोनची सगळ्यात मोठी करामत हीच वाटते. त्याचा कावळा पाहिला तर चोचीचा जाड बाक बघून आपला डोमकावळा लगेच आठवतो, आणि चिमणीच्या गालावर काळा ठिपका दिसला की कळतं, ही आपल्या घरातली चिमणी नव्हे, झाडचिमणी आहे. जपानच्या अंगणात तीच असते. इतक्या खात्रीने पक्षी ओळखता येणं हा पक्षीवेड्या माणसासाठी केवढा आनंद आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

खंड्याची चित्रं शेजारी ठेवली तर फरक आणखी स्वच्छ दिसतो, आणि तिथे हिरोशिगेच्याच काळातल्या होकुसाई या ठसाचित्रकारालाही बोलवावं लागतं. निळा-नारिंगी छोटा खंड्या महाराष्ट्रातल्या ओढ्यांवर दिसतो, तीच जात जपानमध्येही आहे, त्यामुळे ताडून बघायला आपल्याला कुणाच्या मदतीची गरज नाही. होकुसाईने 1834च्या आसपासच्या छोट्या फुलांच्या मालिकेत खंड्या काढला, तो आयरिस आणि ‘पिंक’ नावाच्या रानफुलांसोबत. त्याच्या फुलांची पानं इतकी जिवंत, वळणारी आणि टोकदार आहेत की पक्षी त्यांच्याशी झुंजतोय असं वाटतं. हिरोशिगेने खंड्या हायड्रेंजियाबरोबर ठेवला. निळं फूल, निळा पक्षी, आणि जपानमध्ये हायड्रेंजिया फुलतं ते जूनच्या पावसात, म्हणजे चित्रात पाऊस न काढताही पाऊस आला. कोसोनचा खंड्या कमळाच्या देठाजवळ किंवा आयरिसपाशी असतो, आणि बघणाऱ्याला पाण्याकाठी अगदी हालचाल न करता उभं राहिल्यासारखं वाटतं. होकुसाई मला पूज्य आहे, पण रोज डोळ्यांसमोर राहणारं एकच चित्र म्हणून मी त्याचं सुचवणार नाही. त्याच्या चित्रात ताण फार आहे. उतामारो या आणखी एका जुन्या ठसाचित्रकाराचं 1790च्या सुमाराचं पक्ष्यांचं पुस्तक अप्रतिम आहे, पण त्याची पानं मुळात हातात धरून उलटायची. भिंतीसाठी ती नाहीत.

आता रंग आणि छपाई. 1830च्या सुमारास प्रशियन निळा जपानमध्ये भरपूर मिळू लागला, आणि हिरोशिगेचं आभाळ व पाणी त्याच रंगावर उभं आहे. ठशावर रंग लावायचा, मग ओल्या ब्रशने तो एका बाजूला विरवत न्यायचा, आणि मग छापायचं. याला ‘बोकाशी’ म्हणतात. दरवेळी हाताने करायचं असल्यामुळे दोन प्रतींतलं आभाळ कधीच तंतोतंत सारखं नसतं. दुसरी खुबी ‘काराझुरी’, म्हणजे रंग न लावता नुसता दाब देऊन उठवलेली नक्षी. हिरोशिगेच्या पांढऱ्या बगळ्याच्या पिसांवर ती आहे. समोरून बघितलं तर पांढरा पक्षी. उजेड बाजूने आला की पिसं उमटतात. कोसोनच्या छपाईची हुशारी वेगळी आहे. ठसा कुठे संपला आणि कुंचला कुठे सुरू झाला, हे कळू नये अशी त्याची धडपड. अनेकांना पहिल्या नजरेत ती जलरंगातली चित्रं वाटतात. ज्याला लाकडाची ओळख चित्रात दिसायला हवी, त्याने हिरोशिगेकडे जावं.

विकत घ्यायची वेळ आली की दोघांची वाट आणखी फुटते. हिरोशिगेच्या काळातली, चांगल्या स्थितीतली काचो-ए मिळणं अवघड आहे, आणि मिळाली तर ती सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही. त्याच्या बाबतीत शहाणपणाची निवड म्हणजे नव्याने कोरलेल्या फळ्यांवरून हाताने छापलेली प्रत. तोक्योची अदाची संस्था होकुसाई-हिरोशिगेच्या अशा प्रती जुन्या पद्धतीने काढते. त्याला नक्कल म्हणून नाक मुरडू नये. झिजलेल्या फळीवरून निघालेल्या उशिराच्या जुन्या छापेपेक्षा नीट कोरलेली नवी प्रत चित्रकाराच्या मनातल्या चित्राच्या जवळ असते, असं माझं ठाम मत आहे.

कोसोनचं तसं नाही. त्याची चित्रं मुळात अमेरिका-युरोपच्या गिऱ्हाइकांसाठी मोठ्या संख्येने छापली गेली, म्हणून त्याच्या हयातीतली प्रत मिळणं तुलनेने सोपं आहे. घेताना सही बघा. आधीच्या चित्रांवर ‘कोसोन’. प्रकाशक वातानाबे शोझाबुरोसाठी त्याने 1926पासून काम केलं, त्यांवर ‘शोसोन’. आणि थोड्या चित्रांवर ‘होसोन’. माणूस एकच. गुरू सुझुकी कासोन यांच्या नावातला ‘सोन’ त्याने तिन्ही नावांत जपला. वातानाबेच्या प्रती बऱ्याचदा साधारण 39 बाय 26 सेंमीच्या ‘ओबान’ आकारात असतात, म्हणजे सोफ्यामागच्या भिंतीवर शोभतील अशा. हिरोशिगेची अरुंद पट्टी तिथे हरवते. तिला दोन खिडक्यांमधली किंवा दाराशेजारची चिंचोळी जागा द्या.

खर्च करायचाच नसेल तरी हात हलवत परतायची गरज नाही. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्याकडची कोसोनची चित्रं मोठ्या आकारात डाउनलोडसाठी खुली ठेवली आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हिरोशिगेची. चांगल्या मॅट कागदावर छापून घेतलं तर कोसोन जवळजवळ पूर्ण पोचतो. हिरोशिगेचा मात्र दाबाचा भाग जातो, आणि बगळ्याच्या अंगावर नुसता पांढरा कागद उरतो. म्हणून फुकट छापायचं तर कोसोन, आणि हाताने छापलेली प्रत घ्यायची तर आधी हिरोशिगेचा विचार करा.

पक्षी बघायला पहाटे उठणाऱ्या माणसाला मी कोसोन सुचवेन. त्याच्या पक्ष्यांची जात, वय आणि बसण्याची ढब बघून होणारा आनंद खरा आहे आणि तो लवकर विटत नाही. पण ज्याला पक्ष्यांची नावं येत नाहीत आणि पहिल्या पावसाला गॅलरीत येऊन उभं राहावंसं वाटतं, त्याने हिरोशिगे घ्यावा. एक अट आहे: चित्रावरची कविता काय म्हणते ते कुणाकडून तरी नीट समजून घ्या. ती कळल्याशिवाय लावलं तर अर्धंच चित्र भिंतीवर जाईल. माझ्यापुरतं विचाराल तर मी रानहंस निवडले. संध्याकाळी दिवा लावण्याआधीच्या पाच मिनिटांत ते जास्तच खाली उतरल्यासारखे दिसतात.

प्रत हाताने छापलेली आहे म्हणून विकली जात असेल, तर चौकटीत जाण्याआधी कागद उलटून बघायला मागा. कोझो या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदात रंग मुरून मागे उतरलेला असतो, आणि ‘बारेन’ या चकतीने घासल्याच्या गोलसर खुणाही पुष्कळदा दिसतात. कोरी पाठ असेल तर प्रश्न विचारा. लावताना थेट ऊन टाळा, पण बाजूने येणारा मऊ उजेड मिळू द्या. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत कागदाला बुरशी धरते. काच चित्राला टेकू देऊ नका, मधे जाड पुठ्ठ्याची किनार घाला, आणि बाहेरून ओल येणारी भिंत सोडून आतली कोरडी भिंत निवडा.