'रेडीमेड माती'चे ११,८०० रुपये

नमुना अस्सल आणि माल भलताच, हा धंदा तुम्हाला नवा नाही. आमच्याकडे आलेल्या गृहस्थाने तर नमुन्याच्या पिशवीत जिवंत गांडुळं सोडून आणली होती. कोकणची लाल माती, शेणखत, गांडूळखत, कोकोपीट, निंबोळी पेंड, सगळं मिक्स, नुसतं कुंडीत भरा! २५ किलोची गोणी २८० रुपये. ४० गोण्यांचे ११,२००, हमालीचे ६००. त्यातले ५,००० आगाऊ यूपीआयने, उरलेले ६,८०० रोख, कारण "हमालांना द्यायचेत काका".

माल रात्री आला. रात्रीच का, ते आता कळतंय. जिन्यात एक गोणी उसवली आणि ढेकूळ घरंगळत पायाशी आलं. उचललं तर एका बाजूला चक्क निळा डिस्टेंपर. गिलाव्याचा तुकडा! हमाल म्हणतो, "ते निचऱ्यासाठी टाकतात." आणि तो तुकडा कठड्यावर ठेवून मी नोटा मोजून दिल्या. आठवलं की अजून डोकं फिरतं. पण खाली टेम्पोने रस्ता अडवलेला, मागचे हॉर्न मारतायत, शेजाऱ्यांनीही गोण्या घेतलेल्या; अशा वेळी कोण ढेकळं फोडत बसतं?

सकाळी चाळली. राडारोडा, राख आणि रंग काळा दिसावा म्हणून साखर कारखान्याची कच्ची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ). गोणी भरली १९ किलो, तीही ओली. वजनकाटा दारात ठेवूनच माल उतरवून घ्या. मिरची लावली तर कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. गिलाव्यातल्या चुन्याने सामू (पीएच) चढला की मातीतलं लोह मुळांना मिळत नाही, त्याची ही खूण. ढेकळावर व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं की समजा, चुना आहे. विक्रेता "चुनखडी आहे" म्हणेल. काळ्या मातीत असते, कबूल. कोकणच्या लाल मातीत कुठून आली, ते विचारा.

त्याचा फोन आधी "बघतो", मग बंद.

कृषी कार्यालयात गेलो. गांडूळखत खत नियंत्रण आदेशाखाली येतं, पिशवीवर उत्पादकाचं नाव, वजन, घटक छापावे लागतात. साहेब म्हणाले, "काही छापलेलंच नाही ना? मग ती माती. मातीवर आमचं नियंत्रण नाही." वा! म्हणजे छापून फसवलं तर गुन्हा, न छापता फसवलं तर धंदा! चौकीत हवालदार हसला, "मातीची काय तक्रार घेऊ?" ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तिथे बिल मागितलं. (बिल घ्याच. नाही म्हणाला तर तिथूनच परत पाठवा.) आणि वॉर्ड ऑफिसने कळस केला: हा राडारोडा उचलायचा तर पैसे मीच भरायचे!

चांगलं गांडूळखत चहाच्या भुकटीसारखं सुटं असतं, घाण वास येत नाही. आणि कुंडीत भरायला पालापाचोळा तर सोसायटीत फुकट पडतो, झाडूवाले जाळायच्या आत उचला.

टेम्पोचा नंबर टिपून ठेवा. त्याच्या जाहिरातीचे तेच फोटो आता दुसऱ्या मोबाइल नंबरावरून फिरतायत. गोणी ३२० रुपये, हमाली वेगळी.