बाबांना 'झोपेचं तेल' विकणाऱ्या त्या 'डॉक्टर'पासून सावध राहा

घरात झोप न येणारं वयस्कर माणूस असेल तर हे जरूर वाचा.

बाबांना रात्री सारखी जाग यायची, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. फोनवर त्यांना गांजाच्या झाडापासून काढलेल्या सीबीडी तेलाची जाहिरात दिसली. 'नशा नाही, सवय नाही, टीएचसी शून्य.' टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. फोनवरच्या माणसाने आपण डॉक्टर असल्याचं सांगितलं आणि 'काका, काका' करत गोड बोलला. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असल्याचं बाबांनी स्वतःहून त्याच्या कानावर घातलं. "काही हरकत नाही काका, झाडपाल्याचंच आहे," म्हणाला. सगळ्यात जास्त संताप मला या वाक्याचा येतो. सीबीडीमुळे वॉरफरिन शरीरातून लवकर निघून जात नाही आणि रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं. कुठेही काही न लागता बाबांच्या दंडावर काळेनिळे डाग उठले. आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी, करायला लावला. तो खूप वाढलेला होता. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर?

शिवाय सकाळी उठल्यावर त्यांचा तोल जायचा, बोलणं अडखळायचं. मी बाटली नीट बघितली. बॅच नंबरची जागा कोरी होती. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर लॅबचा रिपोर्ट उघडला, पण तो भलत्याच उत्पादनाचा होता. 'टीएचसी शून्य'वर विश्वास ठेवायचा तरी कसा? २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी छापून आली होती. लेबलवरचं प्रमाण बरोबर निघालं फक्त २६ मध्ये, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. टीएचसीने उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो. म्हाताऱ्या माणसाने रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडायला तेवढं पुरे.

विकणाऱ्याने बाटली परत घेतली नाहीच, उलट दर महिन्याला खात्यातून पैसे कापले जात राहिले. शेवटी बँकेत जाऊन ते बंद करावं लागलं.

बाबांच्या जागरणाचं खरं कारण आमच्या डॉक्टरांनी दोन-चार प्रश्नांत शोधलं. रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घेत होते. ती सकाळी घ्यायला लागल्यापासून रात्रीचं उठणं बरंच कमी झालंय. फोनवरच्या त्या माणसाने कुठली गोळी कधी घेता, एवढंही विचारलं नव्हतं.