शाहूपुरीत सात मजले की पाचगावात बैठं घर?

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांपासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामुळे सांगली-मिरजेला रोज ये-जा करणाऱ्याला त्यांच्या जवळच्या शाहूपुरीतला फ्लॅट सोयीचा. दुचाकीशिवाय संसार चालतो. शहराच्या कडेला पाचगाव, कळंब्याकडे त्याच पैशात जागा जास्त आणि हवा मोकळी. पण घरटी दोन गाड्या लागतात, अन् त्या शेवटी स्टेशन रोडवरच येऊन कोंडी करतात.

उंच इमारतींना होणारा विरोध निव्वळ हट्ट नाही. माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं, तर चार-चार माणसांच्या 40 फ्लॅटना 21,600 लिटर लागतं. जुन्या दोनमजली वाड्यासाठी टाकलेली जलवाहिनी आणि ड्रेनेज तेवढा भार कसा पेलणार? आधी पाइप बदला, मग मजले चढवा.

पार्किंगचा नकाशा तर नीट बघाच. एका गाडीला अडीच मीटर रुंदी लागते. दोन खांबांमध्ये मोकळी जागा सात मीटर असेल, तर नकाशात तीन गाड्या दिसतात, प्रत्यक्षात दोनच बसतात, तिसरी रस्त्यावर.

आणि पूर. 2019 आणि 2021 साली पंचगंगेच्या फुगवट्यानं जयंती नाल्याकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. तिथे तळघर नकोच. मीटर पॅनेल आणि जनरेटर पूररेषेच्या वर हवेत, नाहीतर लिफ्ट आणि पाण्याचा पंप एकाच वेळी बंद पडतात. नाल्यापासून लांबच्या, उंचावरच्या प्लॉटवर मात्र आम्ही शाहूपुरीच निवडू.