नोकरनाम्यावर नाव चढलं म्हणजे परवाना आपला झाला नाही

परमिट रूमचा ‘चालू परवाना’ मिळवून देतो म्हणणारे दलाल नाशिकमध्ये सहज भेटतात. पाथर्डी फाट्याजवळ गाळा घेतलेल्या एका हॉटेलवाल्याचे त्यात अकरा लाख गेले. काउंटर आणि फर्निचरचा खर्च वेगळाच.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बंद पडलेली परमिट रूम, तिचा एफएल-3 परवाना (विदेशी दारू बसून प्यायला देण्याचा) आणि धंद्याला कंटाळलेला वयस्कर परवानाधारक, असं चित्र दलालाने उभं केलं. विसार घेतला, स्टँपवर भागीदारी करार करून नोटरी केली. काही दिवसांनी राज्य उत्पादन शुल्काचा शिक्का असलेला कागद आणून दिला आणि ‘तुमचं नाव चढलं’ म्हणून सांगितलं.

तो नोकरनामा होता. परवानाधारकाने कामाला ठेवलेल्या माणसासाठी तो काढतात. म्हणजे अकरा लाख मोजून हा माणूस दप्तरी नोकर झाला.

एफएल-3 ठरावीक नावाने आणि ठरावीक जागेसाठी असतो. भागीदार घालायचा, नाव बदलायचं किंवा जागा हलवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आधी लागते. नोटरीने ती मिळत नाही. उलट परवाना परस्पर दुसऱ्याला चालवायला देणं हा अटीचा भंग आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 54 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि तो करारच पुरावा ठरतो.

शिवाय नव्या गाळ्यापासून शाळेचं फाटक 75 मीटरच्या आत होतं. तिथे स्थलांतर मंजूर होणारच नव्हतं, आणि दलालाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

फी भरल्याचं चलानही खोटं निघालं. ग्रास म्हणजे सरकारी फी ऑनलाइन भरायची राज्य शासनाची व्यवस्था. तिच्या चलानावर ‘एमएच’ने सुरू होणारा क्रमांक, म्हणजे जीआरएन, असतो. इथे तो नंबर खरा होता, पण चलान दुसऱ्याच परवानाधारकाच्या नूतनीकरणाचं. भरणाऱ्याच्या नावाची ओळ तेवढी बाकीच्या ओळींपेक्षा किंचित जाड छापलेली होती. ग्रासच्या संकेतस्थळावर जीआरएन टाकून पाहिला असता तर पाच मिनिटांत उघड झालं असतं. ते कळलं मार्चअखेर, नूतनीकरणासाठी मूळ परवानाधारकाला गाठल्यावर. ‘मी फक्त मॅनेजर ठेवला,’ एवढंच तो म्हणाला.

ऑर्केस्ट्रा परमिट रूमच्या परवान्यावर ‘त्यातच चालतो’ ही दलालाची गोष्टसुद्धा थाप. त्याचा परवाना वेगळा, शहरात तो पोलिस आयुक्तालयाकडून घ्यावा लागतो.

विसार देण्याआधी मूळ परवाना हातात घेऊन बघा. झेरॉक्स किंवा मोबाईलवरचा फोटो नको. परवानाधारकाला सोबत घेऊन अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांच्या कार्यालयात जा. दप्तरी कोणाकोणाची नावं आहेत, मान्य नकाशा कोणत्या जागेचा आहे, नूतनीकरण कोणत्या 31 मार्चपर्यंत झालं आहे, थकबाकी किंवा अटभंगाचं प्रकरण आहे का, हे लेखी विचारा. परवानाधारक यायला टाळत असेल तर व्यवहार तिथेच सोडा. सरकारी फी दलालाच्या खात्यावर कधीच टाकू नका, ग्रासवर स्वतः भरा.

पैसे गेले असतील तर बँकेचा उतारा, करार, चलान आणि व्हॉट्सॲपचे मेसेज घेऊन लगेच पोलिसांत तक्रार द्या. मेसेज पुसू नका. रोख दिलेल्या रकमेचा माग अनेकदा तेवढ्यावरच लागतो. आणि त्या नोकरनाम्यावर एक दिवसही धंदा चालवू नका, धाड पडली तर काउंटरवर तुम्हीच सापडाल.